न दुखणारी जखम

व्याख्यानमालेच्या वार्षिक पुस्तकात संतवाङ्मय, बोलीभाषा, नाट्यसंगीत असे विषय असतात. त्यांच्या शेजारी जननेंद्रियांवर होणाऱ्या जखमांवरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांनी जरा थांबावे. मराठी नियतकालिकांना हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकट्याच्या बळावर चालवले. वाचकांचे खाजगी प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरे छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरला, पण प्रश्न विचारणारे थांबले नाहीत. आजही ते विचारतात. फक्त डॉक्टरला विचारण्याऐवजी औषधाच्या दुकानात, गर्दी कमी झाल्यावर, हळू आवाजात विचारतात.

आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात या संकोचाला भाषेचीही जोड मिळते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. तेव्हापासून घरात मराठी, सरकारी दवाखान्याच्या कागदावर हिंदी आणि मोठ्या दुखण्यासाठी नागपूर अशी आपली विभागणी आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण कागदाची भाषा तीच राहिली. पोटदुखी, ताप, खोकला यांचे काही अडत नाही, ते कुठल्याही भाषेत सांगता येतात. जांघेतल्या गाठीला मात्र आपण 'अवधाण आले' म्हणतो, जुनी माणसे 'बद' म्हणतात आणि समोरचा डॉक्टर 'गिल्टी है क्या?' असे विचारतो. बाईमाणूस 'खालच्या जागेला आग होते' एवढेच बोलते. मग तिला लघवीच्या जळजळीची गोळी मिळते आणि जखम कोणी पाहतच नाही.

आता 'गरमी' हा शब्द घ्या. मराठीत तो सिफिलिस या रोगाचे जुने नाव आहे. उन्हाळ्यालाही आपण गरमीच म्हणतो, आणि तोंड आले, डोळे चुरचुरले, लघवीला जळजळ झाली की 'उष्णता झाली' हे ठरलेलेच. त्यामुळे नाजूक जागी फोड दिसला की पहिला उपाय गुलकंद, दुसरा सब्जाचे पाणी, तिसरा खोबरेल तेल. 'उपदंश' या शब्दाचीही अशीच गत आहे. आजच्या शब्दकोशात त्याचा अर्थ सिफिलिस असा सापडेल, पण सुश्रुतसंहितेत तो त्या जागेच्या निरनिराळ्या व्रणांसाठी आला आहे आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाशा'त 'फिरंग रोग' असे वेगळे नाव दिले आणि तो फिरंग्यांच्या संगतीने येतो असे नोंदवले. पोर्तुगीज येऊन तोवर काही दशके झाली होती. त्यावर रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचे औषध, आणि चोपचिनी दिली जाई. नावांचा हा इतिहास सांगायचे कारण असे, की एकाच जागी एकसारखे दिसणारे व्रण वेगवेगळ्या रोगांचे असतात. ते वेगळे करायला वैद्यकाला काही शतके लागली.

त्यातला सर्वांत फसवा व्रण सिफिलिसचा. संबंध आल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी ९ दिवसांनी तर कधी ९० दिवसांनी, जंतू शिरला त्या जागी एक फोड येतो आणि त्याची जखम होते. ती बहुधा एकच असते, तळ स्वच्छ असतो, कडा शर्टाच्या बटणासारख्या कडक लागतात. आणि ती दुखत नाही. जांघेत दोन्हीकडे गाठी येतात, त्याही दुखत नाहीत. पुरुषाला शिश्नावरची जखम दिसते तरी. स्त्रीला ती योनिमार्गात किंवा गर्भाशयाच्या मुखावर असेल तर कधी आली आणि कधी गेली याचा पत्ताच लागत नाही. तोंडात किंवा गुदद्वाराशीही ती होऊ शकते.

औषध न घेता ही जखम ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरून येते. वाचकहो, या रोगाचे सगळे दुर्दैव या एका गोष्टीत आहे. त्या तीन-चार आठवड्यांत माणसाने जे काही केलेले असते त्याला यश मिळाल्यासारखे दिसते. गुलकंद खाल्ला असेल तर गुलकंदाने गुण आला, राख लावली असेल तर राखेने. रेल्वेमार्गाच्या भिंतींवर 'शर्तिया इलाज' रंगवणाऱ्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्यामागेही हेच आहे. जी जखम आपोआप भरणारच आहे तिच्यावर कोणीही शर्त लावावी. जखम गेली तरी जंतू रक्तात असतो. काही आठवड्यांनी अंगावर न खाजणारे पुरळ येते, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर. बारीक ताप येतो, घसा धरतो, केस जागोजागी विरळ होतात. त्यालाही 'रक्त खराब झाले' म्हणून काढा दिला जातो आणि तेही आपोआप जाते. नंतर वर्षानुवर्षे बाहेर काहीच दिसत नाही. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना पुढे, कधी १०-२० वर्षांनी, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीवर, मज्जासंस्थेवर किंवा हाडांवर त्याचे परिणाम भोगावे लागतात. तोवर तरुणपणीची ती न दुखणारी जखम कोणाच्या आठवणीतही नसते.

हर्पीजचे उलटे. आज आपल्या देशात अशा जखमांचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. संबंधानंतर २ ते १२ दिवसांत त्या जागी चुरचुरते, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो. फोड फुटून उथळ, लालसर, चांगल्याच दुखणाऱ्या जखमा होतात. पहिल्या वेळी ताप येतो, लघवी करताना अक्षरशः डोळ्यांत पाणी येते. दोन-तीन आठवड्यांत त्या भरतात, पण विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि अधूनमधून वर येतो. पुढचे हल्ले सौम्य असतात. येथे घरांच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट सांगायला हवी. शरीरात शिरलेला हा विषाणू पहिला हल्ला न जाणवता अनेक वर्षे गप्प राहू शकतो. म्हणून लग्नाला बारा वर्षे झालेल्या जोडप्यात एकाला आज हर्पीज उठला, तर त्यावरून कालपरवा कोणी कोणाला फसवले असा निष्कर्ष निघत नाही. अशा निष्कर्षावर संसार मोडणे हे रोगापेक्षा मोठे नुकसान आहे.

बाकीचे तिघे आता विरळ झाले आहेत. शँक्रॉइडची जखम मऊ, फाटक्या कडांची, घाण तळाची आणि दुखरी असते. जांघेत बहुधा एका बाजूला दुखणारी गाठ येते आणि ती पिकून फुटते. जुन्या मराठीतली 'बद' ती हीच, निदान पुष्कळदा. एलजीव्ही या रोगात जखम इतकी लहान असते की लक्षातच येत नाही आणि माणूस थेट गाठ घेऊनच येतो. डोनोव्हॅनोसिसची जखम मांसल, लालभडक, हळूहळू पसरणारी आणि हात लावताच रक्त येणारी असते, पण दुखत नाही. या रोगाला नाव मिळाले ते मद्रासमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स डोनोव्हन यांच्यावरून. त्यांनी १९०५ मध्ये त्यातले सूक्ष्म कण ओळखले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी सिफिलिसचा स्क्रूसारखा पिळदार जंतू शोधला.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग ओळखणे सोपे आहे की. दुखत नाही आणि कडक आहे ती सिफिलिस, दुखते आणि मऊ आहे ती शँक्रॉइड, पुंजका आहे तो हर्पीज. पाठ्यपुस्तकात असेच असते आणि विद्यार्थ्याने ते पाठ करावे हेही योग्यच. प्रत्यक्षात मात्र सिफिलिसच्या जखमा दोन-तीन असू शकतात. त्यात दुसरे जंतू शिरले तर त्या दुखतात. एकाच जखमेत दोन रोग एकत्र असू शकतात. एचआयव्ही असलेल्या माणसाचा हर्पीज महिनोन्‌महिने न भरणाऱ्या मोठ्या जखमेसारखा दिसतो. शिवाय आपल्याकडे जखम डॉक्टरसमोर येते तोवर तिच्यावर हळद, तुरटी, जांभळे औषध आणि दुकानातून आणलेले एखादे खाजेचे मलम हे सगळे होऊन गेलेले असते. त्या मलमात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने लाली दबते, रोग नव्हे. नुसत्या नजरेने केलेले निदान अनुभवी डॉक्टरचेही चुकते, मग आरशात पाहून स्वतः केलेल्या निदानाची काय कथा.

नजर आणखी एका बाबतीत फसते. अशी प्रत्येक जखम संबंधातून आलेली नसते. तापाची, अंगदुखीची किंवा जुलाबाची एखादी विशिष्ट गोळी घेतली की काही लोकांना शिश्नाच्या टोकावर किंवा ओठावर गोल लाल चट्टा येतो, त्याची जखम होते, आणि भरल्यावर काळपट डाग राहतो. पुन्हा तीच गोळी घेतली की पुन्हा त्याच जागी. ही औषधाची प्रतिक्रिया असते, तिचा चारित्र्याशी काही संबंध नाही. दर तापाला गोळी, दर गोळीला जखम आणि दर जखमेला घरात संशय असे वर्षभर चालू शकते. म्हणून डॉक्टरकडे जाताना आधीच्या आठवड्यात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. खरजेच्या गाठी त्या जागी येतात. त्या रात्री खाजतात आणि घरात आणखी कोणालातरी खाज असतेच. मधुमेह वाढला की शिश्नाच्या पुढच्या त्वचेला चिरा पडतात. या चिरांवरून पन्नाशीतल्या अनेकांना आपल्याला साखर असल्याचे प्रथम कळते. आणि साठीपुढच्या माणसाची जखम महिनाभर भरत नसेल तर तिचा तुकडा तपासून कर्करोग नाही ना, हे पाहावेच लागते. तेथे लाजेने घालवलेला महिना परत मिळत नाही.

मग निदान होते कसे? आधी विचारून, मग पाहून, मग रक्तावरून. जखम कधी दिसली, दुखते का, पूर्वी त्याच जागी झाली होती का, शेवटचा संबंध कधी आला, जोडीदाराला काही त्रास आहे का, गर्भ राहिला आहे का, असे प्रश्न विचारणारा डॉक्टर चौकशीखोर नसतो, तो दिवस मोजत असतो. दोन दिवसांत आलेली जखम आणि तीन आठवड्यांनी आलेली जखम यांतला फरक आपण वर पाहिलाच. आणि जखम दाखवावी लागते. 'तसेच औषध लिहून द्या' म्हणणारा रोगी आणि तसेच लिहून देणारा डॉक्टर, दोघेही एकमेकांचा वेळ वाचवतात आणि रोगाला मोकळीक देतात.

स्त्रियांच्या बाबतीत 'दाखवणे' हे किती अवघड आहे याचा एक आकडा आपल्या शेजारच्याच विदर्भातून जगापुढे गेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. त्यांचे बहुतेक आजार जखमांचे नव्हते, ही गोष्ट खरी. पण ज्या बाईची कधी तपासणीच झाली नाही तिच्या आतली न दुखणारी जखम कोणाला दिसणार? स्त्री-डॉक्टर हवी असे सांगण्याचा तिला हक्क आहे, आणि तपासणीच्या वेळी सोबत दुसरी बाई असू द्या, असेही म्हणता येते.

सोय असलेल्या ठिकाणी जखमेतला स्राव काचेवर घेऊन विशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सिफिलिसचा जंतू तेथे काळ्या पार्श्वभूमीवर चमकताना दिसतो. मोठ्या प्रयोगशाळांत हर्पीजसाठी पीसीआर होते. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती येणारा कागद असतो तो व्हीडीआरएल किंवा आरपीआर या रक्ततपासणीचा. तो वाचता आला पाहिजे. जखम नुकतीच आली असेल तर ही तपासणी निर्दोष येऊ शकते, कारण रक्तात खुणा उमटायला काही आठवडे लागतात. म्हणून एका निर्दोष कागदावर खूश न होता डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. उलट मलेरिया, कुष्ठरोग, संधिवातासारखे काही आजार, गर्भारपण किंवा नुसते म्हातारपण यांतही ती सदोष येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी सत्तरीच्या आजीचा व्हीडीआरएल सदोष आला म्हणून घरात कुजबुज सुरू करण्याचे कारण नाही. टीपीएचए ही दुसरी तपासणी त्याची शहानिशा करते. टीपीएचए सदोष आली तरी ती आज रोग आहे असे सांगत नाही, कधीतरी होऊन गेला एवढेच सांगते. ती खूण पुष्कळदा उपचारानंतरही जन्मभर राहते. उपचार लागू पडला की नाही हे कळते व्हीडीआरएलच्या प्रमाणावरून. १:३२ चे १:८ झाले म्हणजे चौपट उतरले, आणि तेच हवे असते.

हर्पीजसाठी रक्त तपासून मात्र फारसे हाती लागत नाही. विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच त्यातून समजते, आजची जखम त्याचीच आहे हे नव्हे. अशा महागड्या कागदांवर खर्च करण्यापेक्षा त्याच रक्तात एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, कारण उघड्या जखमेतून त्याचा शिरकाव सोपा होतो. सरकारी केंद्रांत ती मोफत आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निष्कर्ष गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते.

सिफिलिसवरचा इलाज ऐकून पुष्कळांना नवल वाटते. १९४३ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे दिसले. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि हे औषध आपल्याकडेच तयार होऊ लागले. इतक्या वर्षांत या जंतूने पेनिसिलिनला दाद न देण्याचे शिकलेले नाही. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मे निम्मे, एका दिवसात. रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. टोचल्यावर त्या रात्री ताप भरला तर घाबरू नये, मरणाऱ्या जंतूंमुळे तो येतो आणि दिवसाभरात उतरतो. अंगावर गांधी उठणे किंवा दम लागणे ही वेगळी गोष्ट आहे. ती ॲलर्जी, तेव्हा टोचून झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. हर्पीज मुळापासून जात नाही, पण असायक्लोव्हिरच्या गोळ्या लवकर सुरू केल्या तर हल्ला आटोक्यात येतो. प्रयोगशाळा जवळ नसेल तेथे लक्षणांवरून उपचार देण्याची नॅकोची पद्धत आहे. न दुखणाऱ्या जखमेचे, पुंजक्याच्या फोडांचे आणि जांघेतल्या गाठीचे औषध वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत येते. ही पाकिटे डॉक्टरने जखम पाहून द्यायची आहेत, शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायची नाहीत.

सर्वांत जास्त पणाला लागलेले असते ते गर्भारपणात. आईला अलीकडचा सिफिलिस असेल आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्याच्या आसपास गर्भारपणे वाईट संपतात. गर्भ पडतो, मूल मृत जन्मते, जन्मून दगावते किंवा रोग घेऊन येते. आणि पहिल्या तीन महिन्यांतली एक रक्ततपासणी आणि पेनिसिलिन यांनी हे टळते. बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी उपचार झालेले असले पाहिजेत. येथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. काटोल, नरखेड, वरूडच्या मुली आपल्याकडे सुना होऊन येतात आणि आपल्या मुली तिकडे जातात. गर्भवतीचे कार्ड एका राज्यात निघते, पहिले बाळंतपण माहेरी दुसऱ्या राज्यात होते. तपासणी इकडे झाली, निष्कर्ष आला तोवर सून माहेरी पोचलेली, आणि तिकडच्या डॉक्टरांना काही माहीत नाही, असे घडू शकते. डोहाळजेवणाची ओटी भरताना साडी-नारळाबरोबर रक्ततपासणीचे कागदही पिशवीत गेले आहेत का, हे सासूबाईंनी पाहावे. शेवटच्या महिन्यांत प्रथमच हर्पीजचे फोड उठले असतील तर तेही बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, कारण बाळंतपणात नवजात बाळाला त्याची लागण होऊ शकते.

उपचार एकट्याने घेऊन भागत नाही. नवऱ्याने गुपचूप नागपूरला जाऊन इंजेक्शन घेतले आणि बायकोला काहीच सांगितले नाही, तर काही आठवड्यांत जंतू तिच्याकडून परत त्याच्याकडे येतो. दोघांनी एकाच वेळी तपासून घ्यावे, जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी सांगेपर्यंत संबंध टाळावा आणि त्यानंतर निरोध वापरावा. जखम निरोधाने न झाकल्या जाणाऱ्या जागीही असू शकते, म्हणून उघडी जखम असताना निरोधाच्या भरवशावर राहू नये. मेडिकलमध्ये, मेयोत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी कुठेही उपचार झाले असोत, कागदावर पहिल्या दिवसाचे व्हीडीआरएलचे प्रमाण लिहून घ्यावे. ३, ६ आणि १२ महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि चारही कागद एकत्र ठेवावेत. वर्षभरात चौपट उतार दिसला नाही, तर तेच कागद घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जायचे.